आधी स्वतःची पिशवी: बडोद्यात तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी

२०२४ च्या पुरात आमच्या घरातलं सगळ्यांचं सगळं वाचलं, फक्त माझा चष्मा आणि माझ्या बीपीच्या गोळ्या राहिल्या. सासूबाईंचं इन्सुलिन वर गेलं, ह्यांच्या पेन्शनची फाइल गेली, देव गेले, शिवणाचं मशीन गेलं, पिठाचा डबा गेला, अगदी माळ्यावरच्या पणत्यांची पिशवीसुद्धा मी वर चढवली. आणि मग तीन दिवस वरच्या मजल्यावरच्या भाभींच्या हॉलमध्ये डोळे बारीक करून मोबाइल वाचत बसले. डोकं ठणकत होतं ते जागरणानं, असं मला वाटलं. चौथ्या दिवशी पाणी उतरल्यावर बीपी मोजलं तर १७०/१००. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधी घेतली होती?" मला वार आठवेना.

तर घरातल्या सगळ्यांचं आवरणारं जे माणूस असतं, त्याची पिशवी सगळ्यात आधी भरायची. हा स्वार्थ नाही. ते माणूस पडलं की बाकीच्यांना आपल्या गोळ्या कुठे आहेत हेही माहीत नसतं. आमच्याकडे ह्यांना अजून कात्री सापडत नाही.

मी कारेलीबागेत तळमजल्यावर राहते, ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं घेते. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला तेव्हा मशीनची मोटर बुडाली. तेव्हापासून एकेक शिकत गेले. खाली लिहिलंय ते सगळं करून पाहिलेलं आहे, आणि शिवणकामाच्या पैशात बसणारं आहे. दर आठवड्याला ५० रुपये एका पाकिटात टाकते, त्यातूनच ही सगळी खरेदी होते. बाजारातली तयार "इमर्जन्सी किट" मी एकदा पाहिली होती. दहा वस्तूंतल्या सहा आपल्या घरात असतातच आणि उरलेल्या चार लागत नाहीत.

पिशवी कशी शिवायची

जुन्या टेबलावरचं रेग्झीन घ्या. नसेल तर मांडवी-मंगळबाजाराकडच्या दुकानांत तुकडा मिळतो. १४ बाय २० इंचाचा मागचा भाग कापायचा आणि त्यावर सहा कप्पे बसवायचे, दोन दोनच्या तीन ओळी. सगळ्यात खालच्या ओळीच्या कप्प्यांना झाकण हवं, कारण पाण्यात चालताना उडतं ते खालूनच. पट्टा खांद्याला तिरका येईल एवढा लांब ठेवा. हातात धरायची पिशवी नको. पाण्यात एक हात काठीला आणि एक हात म्हाताऱ्या माणसाला लागतो. रेग्झीनला जाड सुई लावा, १६ किंवा १८ नंबर, आणि टाका मोठा ठेवा. बारीक टाक्यानं रेग्झीन तिकिटासारखं फाटतं. शिवण झाली की तिच्यावरून मेणबत्ती घासायची. पाणी अगदीच शिरत नाही असं नाही, पण वेळ लागतो.

मशीन नसेल तर झिपच्या प्लॅस्टिक पिशव्या आणि एक जुनी स्कूलबॅग, एवढ्यावर भागतं.

माझ्या कप्प्यांत काय आहे ते सांगते. वर डावीकडे जुन्या नंबराचा चष्मा, फडक्यात गुंडाळलेला. नवा चष्मा केला की जुना देऊन टाकू नका, थोडं धूसर दिसतं पण गोळीचं नाव वाचता येतं. वर उजवीकडे सात दिवसांच्या गोळ्या. पट्टी कापून सुट्ट्या गोळ्या डबीत टाकायच्या नाहीत. पट्टीवर नाव आणि तारीख असते, वेळेला तिसऱ्या माणसाला तेवढंच कळतं. मधल्या कप्प्यांत प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, एका कागदावर मोठ्या अक्षरात चार फोन नंबर (मोबाइल मेला की मुलाचाही नंबर पाठ नसतो), आणि दहा-वीस-पन्नासच्या नोटांचे २,००० रुपये. पाचशेची नोट नको. लाईट गेली की एटीएम बंद, क्यूआर कोड बंद, आणि दूधवाल्याकडे सुट्टे नाहीत. खाली टॉर्च, शिट्टी, साबणाची वडी, सॅनिटरी पॅड. पॅड मला आता लागत नाहीत, पण पुराच्या वेळी जिन्यावर बसलेल्या एका कॉलेजातल्या मुलीला लागले होते, तेव्हापासून ठेवते. जनऔषधी केंद्रात "सुविधा" नावाचे मिळतात, एक रुपयाला एक.

दर महिन्याच्या एक तारखेला पिशवीतल्या गोळ्या काढून वापरायला घ्यायच्या आणि नव्या आणलेल्या तिच्यात ठेवायच्या, म्हणजे एकही गोळी वाया जात नाही. बीपी, साखर, थायरॉइड यांच्या रोजच्या गोळ्या जनऔषधीत बऱ्याच स्वस्त पडतात. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा, कंपनीचं नाही. पहिल्यांदा बदलताना त्यांना दाखवून घ्या.

इन्सुलिनचं वेगळं आहे. न उघडलेली बाटली फ्रीजमध्येच हवी, पण चालू बाटली घरातल्या साध्या तापमानात साधारण चार आठवडे चालते, फार उकाडा नसेल तर. लाईट गेली म्हणून घाबरून बर्फात खोचू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकण्याच्याच लायकीचं. मी मोठ्या मडक्यात ओली वाळू घालते, वाळूत छोटं मडकं, त्यात डबीत बाटली, वर ओलं फडकं. सासूबाई म्हणतात, "माझ्या औषधाला तुम्ही विठोबासारखं पाण्यात ठेवलंय." तसंच आहे.

पाणी येणार हे कळतं

पूर अचानक येतो असं लोक म्हणतात. ढगफुटीचं सोडा, पण विश्वामित्रीचा पूर तसा येत नाही. नदी पावागढकडून येते, आजवा धरणाचं पाणीही तिच्यातच येतं. त्यामुळे शहरात पाऊस थांबतो, ऊन पडतं, लोक भजी तळतात, आणि मग संध्याकाळी गटारातून पाणी वर येऊ लागतं. म्हणून आकाशाकडे पाहायचं नाही, आकड्यांकडे पाहायचं. दोनच आकडे: आजव्याची पातळी आणि काळाघोडा पुलापाशी नदीची पातळी. काळाघोड्याला २६ फूट म्हणजे धोक्याची खूण. २०२४ ला ती ३५ फुटांच्याही वर गेली होती. स्थानिक बातम्यांत हे आकडे दर तासाला येतात. मी २० फुटांना उचलायला सुरुवात करते. उगाच उचललं असं चारदा झालं तरी चालेल.

त्याहून सोपं म्हणजे जून ते सप्टेंबर गुडघ्याखाली काही ठेवायचंच नाही. मी भिंतीवर खडूनं रेघ मारली आहे. फ्रीज दोन दोन विटांवर. धान्याचे डबे ओट्यावर. कपाटाच्या खालच्या खणात फक्त प्लॅस्टिकच्या वस्तू आणि स्टीलची मोठी पातेली. गिऱ्हाइकांचे ब्लाउज वरच्या खिळ्यांवर. दुसऱ्याचं कापड बुडालं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

पाणी चढू लागलं की क्रम असा: माणसं, गोळ्या, कागद, मशीन. गाद्या सोडून द्या. २०१९ ला आम्ही दोघांनी एक भिजकी गादी वर न्यायच्या नादात अर्धा तास घालवला आणि मशीन खाली राहिलं.

बाथरूमचं कोणी सांगत नाही, ते मी सांगते. तळमजल्यावर पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून आणि संडासातून येतं, आणि ते कसलं असतं ते सांगायला नको. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरा, गोणी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तोंड सुतळीनं बांधा. अशा दोन करून ठेवा: एक संडासाच्या भांड्यात दाबून बसवायची, एक मोरीच्या जाळीवर. वाळूचे पैसे पडत नाहीत, कुठेतरी बांधकाम चालू असतंच. विचारून घ्या.

लाईट आणि गॅस

मेन स्विच पाणी घरात शिरायच्या आधी बंद करायचा. पायाखाली पाणी असताना बोर्डाला हात लावायचा नाही, मग तो कितीही उंच असो. मेन कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटून दाखवता आलं पाहिजे. आम्ही एका रविवारी हा खेळ केला, तेव्हा ह्यांनी आत्मविश्वासानं शेजाऱ्यांच्या मीटरवर हात ठेवला.

पाणी उतरल्यावर बटणं कोरडी दिसतात, आतले पाइप ओले असतात. वायरमनला दाखवल्याशिवाय फ्रीज, पंखा, मिक्सर काही लावू नका. वायरमनच्या ३०० रुपयांचं तोंड बघून १५,००० चा फ्रीज जाळलेले लोक आमच्या गल्लीत आहेत. फ्रीज बंद पडला तर दार उघडू नका. बंद दाराचा फ्रीज चारेक तास थंड राहतो. पाऊस जोरात असेल तेव्हा मी फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवते, त्या पुढे प्यायलाही येतात.

गॅसचं सिलिंडर पाण्यात तरंगतं. भरलेलंसुद्धा. माझा विश्वास नव्हता, मग मुलानं हिशेब मांडून दाखवला: आत १४.२ किलो गॅस, लोखंड साधारण १५-१६ किलो, म्हणजे सगळं मिळून ३० च्या आसपास. आणि आतली जागाच ३३ लिटरच्या वर. पाण्यानं उचललं की ते नळी ओढतं, रेग्युलेटर वाकडा होतो. म्हणून पाणी दिसताच रेग्युलेटर काढा, पांढरं टोपण घट्ट बसवा, आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधा, उभंच. ते टोपण फेकून देऊ नका, दोरीसकट सिलिंडरला लटकतं ठेवा. पाइपच्या गॅसवाल्यांनी मीटरजवळचा वॉल्व्ह बंद करायचा.

एरवीही गॅसचा वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, ना चालू करायला ना बंद करायला. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, म्हणून वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडायचं. बाकी कुठल्याही संकटाला ११२, आणि ॲम्ब्युलन्सला १०८.

खाणं आणि पाणी

२०२४ चं पाणी आलं ते गोकुळाष्टमीच्या सुमारास. आमच्याकडे उपासाचे राजगिऱ्याचे लाडू होते आणि भाभींकडे शीतळासातमच्या सणाचे थेपले उरलेले. दोन दिवस तेवढ्यावर सात माणसं आणि एक कुत्रा जगला. त्यावरून धडा घेतला तो असा की संकटाचं खाणं वेगळं विकत आणायचं नाही, आपल्याकडे जे टिकाऊ करतात तेच पावसाळ्यात घरात असू द्यायचं. खाखरे, थेपले, भाजके शेंगदाणे, चिवडा, गूळ, आणि सुखडी. सुखडी म्हणजे एक वाटी कणीक पाऊण वाटी तुपात मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजायची, गॅस बंद करून पाऊण वाटी चिरलेला गूळ घालून ढवळायचं, ताटात थापायची. पंधरा दिवस सहज टिकते. गुजरातेत पुराच्या वेळी पाकिटं वाटतात त्यात हीच असते, उगाच नाही. सासूबाईंना मात्र सुखडी नाही, त्यांच्यासाठी खाखरा आणि दाणे. पण साखर एकदम खाली गेली तर लागेल म्हणून गुळाचा खडा त्यांच्या बटव्यात असतो.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरा. पाणी यायच्या आधीच कुकर, कळशी, पातेली, सगळं भरून ओट्यावर ठेवा. सोसायटीच्या जमिनीतल्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर मोटर लावायची नाही, नाहीतर वरची चांगली टाकीही नासते. आमच्याकडे एका काकांनी उत्साहानं लावली. चोवीस घरांना जुलाब.

पाणी उकळायचं ते चांगल्या उकळ्या फुटल्यावर एक मिनिट. गॅस नसेल तर क्लोरिनच्या गोळ्या. किती लिटरला एक ते पट्टीवर वाचा, सगळ्या सारख्या नसतात. पाणी गढूळ असेल तर आधी चौपदरी सुती फडक्यातून गाळून घ्या, नंतर गोळी, मग अर्धा तास थांबा.

जुलाब झाले तर ओआरएस. पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का ते बघा. फळांच्या चवीचे गोड डबे ओआरएस म्हणून घेऊ नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सुरीनं वर ओढलेला. चाखून बघा: डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि पुन्हा करा. २४ तासांनी उरलेलंही ओता. लघवी होत नसेल, मूल गुंगीत असेल, शौचात रक्त दिसलं, तर घरी बसायचं नाही.

पाय

पुरानंतर माझे सगळ्यात जास्त हाल पायांनी केले. तीन दिवस खराट्यानं चिखल लोटला, रात्री पाय न धुता आडवी झाले, आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. मशीनचं पायडल दाबता येईना. आठ दिवस काम बंद म्हणजे आठ दिवसांची कमाई गेली.

आता असं करते. पाण्यात उतरायच्या आधी पायांना खोबरेल तेलाचा हात. जखम असेल तर तिच्यावर पट्टी आणि वरून प्लॅस्टिक. उंदरांचं मूत असलेलं पाणी जखमेतून गेलं की लेप्टोचा ताप येतो. शक्य असेल तर गमबूट, नाहीतर जुने बंद बूट. चपला चिखलात अडकतात आणि काच लागते. घरी आलं की साबणानं पाय धुवायचे, आणि मग खरं काम: जुन्या मऊ साडीच्या पट्टीनं प्रत्येक बेचका वेगळा पुसायचा, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. फडकं त्यात घालून ओढायचं, मशीनमधून दोरा ओढतात तसं. ओल राहिली की खाज सुटणारच. झाल्याच तर क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम, आणि बरं वाटल्यावरही थोडे दिवस चालू ठेवायचं. साखर असलेल्या माणसानं मात्र पायाला काहीही झालं तरी डॉक्टर. गंजकं काही लागलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन. पुरानंतर ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या, दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनानं नकोत, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. ताप दोन दिवसांत उतरला नाही, डोळे पिवळे दिसले, पोटऱ्या खूप दुखल्या, तर सयाजी हॉस्पिटल गाठा.

साप आणि मगरींचंही विचारतात. मगर दिसली तर वनखात्याला कळवा आणि घरात जा, व्हिडिओ काढायला पाण्याच्या कडेला उभं राहू नका. साप चावला तर आवळून बांधू नका, चिरू नका, माणसाला निजवून ठेवा आणि १०८.

जाता जाता

भाजलं तर नळाखाली २० मिनिटं. हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. वीस मिनिटं फार वाटतात, घड्याळ लावा. उत्तरायणात मांजानं कापलं तर स्वच्छ कापडानं दाबून धरा आणि दर मिनिटाला उचलून बघू नका.

स्कूटर किंवा गाडी पाण्यात बुडाली असेल तर चालू करून बघायचा मोह आवरा. आत पाणी गेलेलं इंजिन चालू केलं की ते कायमचं जातं, आणि विमावाले त्याचे पैसे द्यायला हात आखडतात. तशीच ढकलत मेकॅनिककडे. आणि चिखल काढायच्या आधी फोटो: भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रीज, गाद्या, मशीन, सगळं. आम्ही चार दिवस घासूनपुसून घर चकचकीत केलं आणि मग सर्व्हेची माणसं आली. म्हणाली, "काही नुकसान दिसत नाही." शेजारच्या आळशी कुटुंबाला कॅशडोल, म्हणजे सरकारी रोख मदत, मिळाली. मला अजून राग आहे, त्यांच्यावर नाही, माझ्या खराट्यावर.

पिशवी दाराच्या मागे, माझ्या खांद्याच्या उंचीवरच्या खिळ्याला टांगलेली असते. गेल्या महिन्यात भाभी ती हातात घेऊन उलटीपालटी करत होत्या. म्हणाल्या, "बेन, मने पण एक सीवी आपो ने." त्यांचं घर पहिल्या मजल्यावर आहे, पाणी तिथवर येत नाही. पण त्याही साखरेच्या गोळ्या घेतात, आणि मागच्या वेळी आम्ही सात जण त्यांच्याकडे असताना त्यांच्या गोळ्या दोन दिवस चुकल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. रेग्झीन त्यांनी आणलं, गुलाबी. शिलाई मी घेतली नाही.